गाठीसकट लाईन

शेषेराव नाना मोटारसायकलला किक मारण्याआधी आकाशाची परवानगी घेत. अंगणात उभं राहायचं, मोबाईल डोक्याच्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि डोळे बारीक करून थांबायचं. मागे बसणारा कितीही घाईत असो, त्याची एसटी चुकत असो की सोयरीक मोडत असो, नाना हलत नसत. "दम धर बे. वरून सप्लाय येऊ दे." उपग्रहाचा सिग्नल मिळून मोबाईलवरचा ठिपका हिरवा झाला की ते "आला!" असं ओरडत. मग मोबाईल शर्टाच्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन आणि किक. नाना कुठून कुठे गेले, कोणत्या वाटेने, वाटेत कुठे थांबले, हे सगळं त्या खिशात नकाशावरच्या रेघेच्या रूपात उमटत जाई. त्या रेघेला ते 'लाईन' म्हणत.

म्हणणारच. एकतीस वर्षं ते विजेच्या तारांचे लाईनमन होते. आमच्या भागातला प्रत्येक खांब त्यांना नावानिशी ठाऊक. रिटायर झाल्यावर पुण्याच्या मुलाने जुना मोबाईल दिला आणि त्यात हे अॅप टाकून दिलं. बाप उन्हातान्हात कुठे हिंडतो ते कळावं, एवढाच त्याचा हेतू. नानांनी मात्र ते सरकारी काम असल्यासारखं अंगावर घेतलं. "तारंची लाईन सरकारची होती. ही माझी हाय."

प्रत्येक फेरीला ते नाव देत. 'नारायणगड, नवस फेडला, चप्पल गेली.' 'धर्मापुरी, देऊळ बघितलं, पंक्चर दोन.' 'साडूची म्हैस बघितली, घेतली न्हाई.' 'अंबाजोगाई, दाढ काढली, चुकीची.' मी आजवर पुष्कळ आत्मचरित्रं वाचली. इतकं खरं आणि इतकं थोडक्यात लिहिलेलं एकही नाही.

आमच्या आणि नानांच्या घरात एक कडुनिंब आणि एक कुंपण, एवढंच अंतर. आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे असत, कारण बाबा चळवळीतले. बाराखडी मी पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. पुढच्या बाजूला 'उठा!' असायचं आणि मागच्या बाजूला 'अ अननसाचा'. त्यामुळे मोठी होऊन मी पत्रकं लिहू लागले याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य फक्त नानांना वाटे, आणि तेही मजकुराचं. माझं पत्रक ते चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि बोट ठेवत.

"'हजारो ग्रामस्थ संतप्त.' हजार कोण गं?"

"नाना, तसं लिहायची पद्धत असते."

"वस्तीत घरं सव्वीस. शेळ्या धरल्या तरी हजार होईनात. हा आकडा टाकून आणलेला उजेड हाय, पोरी. लख्ख पडतो, पण पथक आलं की पहिला तूच पळशील. मीटरातून आण."

तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर पकडलं होतं. मला पकडायला त्यांना कितीसा वेळ लागणार!

नानांच्या बायकोची, गयाकाकूंची, आणि लाईनीची ओळख भांडणातून झाली. एकदा दुपारी नाना अॅप बंद करायला विसरले आणि जेवून आडवे झाले. उठून पाहतात तर मोबाईल म्हणतो, आपण तासभर हिंडलो. बाजेवरून कडुनिंबाकडे, तिथून आमच्या कुंपणाशी, परत बाजेवर, असं कोंबडीच्या पायाने काढल्यासारखं जाळं. गयाकाकूंनी कमरेवर हात ठेवले. "झोपलो म्हणता अन् दुसऱ्याच्या परसात काय करतासा?" नानांनी लगेच तपास लावला. तीन दिवस ते दुपारी मुद्दाम मोबाईल उशाशी ठेवून झोपले, मग निकाल दिला. माणूस एका जागी थांबला की वरून येणारा सप्लाय जरा थरथरतो. पाच-दहा मीटर इकडे, पाच-दहा मीटर तिकडे. म्हणून जिथे थांबावं तिथे लाईनीला गाठ पडते.

हे शास्त्र काकूंना समजावून सांगणं ही नानांची घोडचूक. काकूंना अक्षर येत नव्हतं, पण गाठ वाचता यायला लागली. संध्याकाळी मोबाईल हातात घेऊन त्या बोट फिरवायच्या. "ही गाठ कशाची?" "पेट्रोलची." "ही?" "सोपानरावाच्या बांधावर बोलत उभा होतो." "अन् ही फाट्यावरची? लई गच्च दिसती." फाट्यावर जिलबीचं हॉटेल होतं आणि नानांना साखरेचा आजार होता. नाना टोपी सरळ करत आणि खरं सांगत. त्या रात्री भाकरीबरोबर कारलं.

"नाना, तेवढा तुकडा पुसून टाका ना," मी एकदा म्हणाले.

"पुसायचाच असता तर ओढला कावून?"

आता खडकवस्तीचं सांगते, कारण नाना खरे कळले ते तिथे.

फाट्यापासून खडकवस्ती समोर दिसते, पावणेदोन किलोमीटरवर. पण जायला रस्ता नाही. डोंगराच्या कडेने लांबचा वळसा घ्यायचा, ओढ्यात उतरायचं, पलीकडे चढायचं. वस्तीतली निम्म्याहून जास्त माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. त्या वर्षी ती परत आली तेव्हा फाट्यावर एक निळा फलक उभा होता. फाटा ते खडकवस्ती रस्ता, काम पूर्ण. खाली नकाशा, त्यावर सरळ रेघ. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन फलकासमोर उभ्या राहिल्या, रस्ता शोधला, आणि मुकाट्याने ओढ्याकडे वळल्या. गरीब माणूस घरी नसताना त्याच्या नावावर रस्ता उरकून टाकणं याला मी दरोडा म्हणते. तेव्हाही म्हणाले होते, लाल शाईत.

नानांची थोरली बहीण, आक्का, त्या वस्तीवर राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला. अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर काढा, नाहीतर डोळा जाईल. श्रावणात नाना तिला तपासणीला घेऊन निघाले. मागे बसवली, लुगड्याच्या धडप्याने स्वतःच्या कमरेला बांधली आणि ओढ्यात मोटारसायकल घसरली. दोघं बांधलेली असल्यामुळे दोघं एकदमच पडली. लागलं काही नाही, पण आक्का पाण्यात बसूनच गरजली, "शेष्या, मड्या! आता रस्ता झाल्याबिगर मी तुझ्या या घोड्यावर बसत न्हाई. डोळा गेला तर जाऊ दे!" आणि ती आपला शब्द मोडणारी बाई नव्हती. नानांच्या घराण्यात ते कुणालाच जमत नसे.

घरी येऊन नानांनी दोन दिवस मोटारसायकलला किक मारली नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी आले. "पोरी, तुझं पत्रक काढ."

मी तर वाटच पाहत होते! मथळा एका दमात सुचला: 'कागदावर चालायला आम्ही मुंग्या नाही!' पुरावा म्हणून लाईन छापायची ठरली. नानांच्या मोबाईलमध्ये खडकवस्तीच्या पंचवीस-तीस फेऱ्या होत्या. मी त्यातली एक निवडली, कारण तिचं नाव होतं 'आक्का पाण्यात पडली'. याहून भेदक नाव कुठलं मिळणार? नकाशा बोटभर आकाराचा छापला, त्याखाली 'उपग्रहच साक्षीला!' असं ठळक टाकलं आणि शुद्धलेखन चार वेळा तपासलं. लाईनीकडे एकदाही पाहिलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला तालुक्याहून रस्त्याचे अभियंतासाहेब आले होते. मनुष्य शांत, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी माझं पत्रक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"ताई, हे तुम्हीच छापलं?"

"मीच!"

"मग आभारी आहे. यात फाट्यापासून वस्तीपर्यंत सरळ रेघ आहे. अगदी आमच्या फलकावर आहे तशी. म्हणजे हे गृहस्थ आमच्याच रस्त्याने गेले."

मी पत्रक हिसकावून पाहिलं. सरळ रेघ. पट्टीने मारल्यासारखी. झालं होतं असं की नानांचा मोबाईल बॅटरी वाचवायला खिशातल्या खिशात झोपी गेला होता. फाट्यावर त्याने डोळा मिटला तो भिजलेल्या आक्काला परत वस्तीवर पोचवल्यावरच उघडला, आणि मधलं काहीच आठवत नसल्यामुळे त्याने दोन टोकं सुतळी ताणून जोडून टाकली. वळसा नाही, ओढा नाही, आक्का पाण्यात नाही. सभेत हशा पिकला. कुणी म्हणालं, "उपग्रह फितूर झाला!"

मी पेटून उठले. यंत्र बिघडलं म्हणावं, नाहीतर नकाशा बदलला गेला म्हणावं, किंवा बाकीच्या फेऱ्या बघा म्हणावं. तोंड उघडणार इतक्यात नाना उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, फॉल्ट माझ्या लाईनीत हाय. मोबाईल झोपला. मी बघितलं न्हाई, पोरीनं बघितलं न्हाई. हा कागद धरू नका."

साहेब फाईल बंद करू लागले. "मग विषय संपला."

"संपला कसा? लाईनीत फॉल्ट निघाला तर लाईनमन काय करतो? पुन्हा खांबापासून चालत जातो. साहेब, तुमच्या कागदावरचा रस्ता आमी मोबाईलात घालतो. निळा. मी गाडी चालवतो, तिची लाईन लाल. तुमी मागं बसा. निळ्यावरून लाल गेली तर मी हितं सगळ्यांसमोर कान धरंन."

सगळी सभा साहेबांकडे बघत होती. अशा वेळी नाही म्हणण्याची सोय कुठल्याही खात्याने ठेवलेली नाही.

आठ दिवसांनी सकाळी ते निघाले. नानांनी या वेळी मोबाईल हँडलला सायकलच्या ट्यूबने आवळून बांधला होता, डोळे उघडे ठेवून, म्हणजे स्क्रीन चालू ठेवून. "आज झोपला तर चार्जरच दावत न्हाई," असा त्याला दम दिला होता. मी माझ्या स्कूटीवर मागे. आकाशाची परवानगी आली. "आला!" साहेबांनी दचकून वर पाहिलं.

फाट्यावर पोचलो तर नानांनी गाडी हॉटेलसमोर लावली. "साहेब पाहुणे हायत. उपाशी नेलं तर बरं दिसत न्हाई." पाहुण्यासाठी पाव किलो जिलबी आली. पाहुण्याने दोन कडी खाल्ली. उरलेली कुणी खाल्ली ते मी स्कूटीवर बसून पाहत होते.

मग आम्ही निळ्या रेघेवर चढलो. पहिली काही पावलं खरंच मुरूम होता, फलकाचा फोटो निघेल इतका. मग गवत. मग तुरीच्या दोन पट्ट्यांमधला बांध. मोटारसायकल बैलासारखी डोलत होती आणि साहेबांनी नानांचा खांदा धरला होता. आणि मग नानांनी करकचून ब्रेक दाबला. समोर विहीर. बिनकठड्याची, हिरव्या पाण्याची, घेराने मोठी.

नानांनी वाकून मोबाईल पाहिला. "साहेब, कागद म्हणतो सरळ."

"थांबा, थांबा!"

"थांबलोच हाय. पण निळी लाईन विहिरीच्या पार मधून जाती. घालू का?"

"अहो नका हो!"

"रस्ता पूर्ण हाय म्हणता ना?"

साहेब खाली उतरले. मागे सरकले, पुढे सरकले, विहिरीत डोकावले. विहिरीतून बेडकाने उडी मारल्याचा आवाज आला. "जी.पी.एस.ला थोडी चूक असते," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"असती. पाच-दहा मीटर. मी तीन दुपारी झोपून बघितलंय. विहीर त्याहून मोठी हाय."

मग विहिरीला वळसा घालून, बांध उतरून, ओढा. नाना गाडी चालू ठेवून पाण्यात उतरले आणि साहेब मागून ढकलत. पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट हातात, दोन्ही पेनं दातात. पलीकडच्या काठावर आक्का दगडावर बसली होती. डावा डोळा थोडासा चालत होता तो तिने बारीक केला.

"शेष्या, कोण रं ह्यो भिजलेला?"

"रस्त्याचे साहेब हायत, आक्का."

"रस्त्याचे? मग पाण्यातून कावून आले?"

साहेबांनी दातातली पेनं काढून खिशात ठेवली. माझ्या शंभर पत्रकांत असा एकही प्रश्न नव्हता.

त्या संध्याकाळी मी नानांच्या ओट्यावर लाईन बघत बसले. सुरेख आली होती. निळी सुतासारखी सरळ, लाल विहिरीपाशी तिला सोडून वळलेली, ओढ्यात उतरलेली. फक्त सुरुवातीला, फाट्यावर, एक गच्च काळसर गाठ. चोवीस मिनिटांची. ही लाईन खास ग्रामसभेत शाळेच्या प्रोजेक्टरवर भिंतीएवढी दिसणार होती, आणि काकू पहिल्या रांगेत बसणार होत्या.

"नाना, फाट्यापर्यंतचा तुकडा कापते. त्याचा रस्त्याशी संबंध नाही."

नाना बराच वेळ दाढी खाजवत बसले. खरं सांगायचं तर त्यांना मोह झाला होता. पुढचा महिनाभर कारलं त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत असणार. आत काकू भांडी घासत होत्या.

"न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "एक गाठ कापली तर साहेब इचारंल, अजून कुठं कापलं? मग विहीर बी गेली अन् ओढा बी गेला. दसऱ्यानंतर वस्ती तोडीला जाणार. मग बोलायला कोण उरतंय? आक्काचा डोळा तेवढा थांबायचा न्हाई. दावायची तर गाठीसकट दावायची."

खास ग्रामसभा शाळेत भरली. खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. भिंतीवर लाईन उमटली आणि वस्तीवरच्या बायका पुढे सरकल्या. आपण रोज तुडवतो ती वाट भिंतीवर एवढी मोठी पाहून त्यांना हसू येत होतं. साहेब कोपऱ्यात उभे. स्वतः ओढ्यात भिजले होते, तरी 'अपूर्ण' लिहून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं; त्यांनी घसा साफ केला. "ही नोंद पूर्ण आहे याची खात्री काय? मागच्या वेळेसारखं..."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला. "ही पहिली गाठ कशाची?"

नानांनी मागे वळून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाला विचारलं.

"अवं, तुमालाच इचारते. फाट्यावरची. लई गच्च हाय."

नानांनी टोपी सरळ केली. "जिलबी."

"किती?"

"पाव किलो."

"एकट्यानं?"

"दोन कडी साहेबांनी खाल्ली."

काकूंनी मान वळवली आणि साऱ्या सभेने मान वळवली. "व्हय का हो साहेब?"

साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. त्या बाईसमोर खोटं बोलणं सोपं नव्हतं. मला तर ते कधीच जमलं नाही. "हो," ते म्हणाले. "दोन."

"मग गाठ खरी," काकू म्हणाल्या. "अन् गाठ खरी असली तर म्होरली विहीर बी खरीच. त्यांनी सोताची जिलबी लपवली न्हाई, ते तुमची विहीर काय खोटी दावतेत?"

आधी कुणीतरी टाळी वाजवली आणि मग छप्पर उडेल इतका गलका झाला. काम अपूर्ण असल्याचा पंचनामा तिथेच झाला. साहेबांनी सही केली, ओढ्यात दातात धरलेल्या त्याच पेनाने. जाताना ते नानांना म्हणाले, "तुम्ही तो तुकडा कापायला हवा होता हो." नाना म्हणाले, "घरी कारलं हाय. या जेवायला."

रस्ता लगेच झाला नाही. तीन अर्ज, दोन धरणी आणि माझी चार पत्रकं लागली. त्या पत्रकांत मी 'सभेला एकसष्ट माणसं हजर होती' असं लिहिलं. मोजून लिहिलं. विचित्र गोष्ट अशी की हजारोंपेक्षा एकसष्टची भीती लोकांना जास्त वाटली, कारण एकसष्ट जणांची नावंही खाली दिली होती. पुढच्या उन्हाळ्यात मुरूम पडला, खडी दाबली, ओढ्यावर नळ्या टाकून पूल झाला. विहिरीला रस्त्याने मान देऊन वळसा घातला. आक्काचा उजवा डोळा तोवर जेमतेम तग धरून होता. नानांनी तिला मागे बसवलं, न बांधता. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिने पहिल्यांदा मोबाईलमधली लाईन पाहिली आणि म्हणाली, "एवढीच? या एवढ्याशा रेघंसाठी एवढं?" नानांनी त्या फेरीचं नाव ठेवलं: 'आक्का कोरडी गेली'.

गेल्या फाल्गुनात नाना दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सकाळी ते गावातच कुठेतरी जाऊन आले होते आणि अॅप बंद करायला विसरले होते. मी मोबाईल हातात घेतला तेव्हा लाईन चालूच होती. बाजेवरून कडुनिंबाकडे, तिथून आमच्या कुंपणाशी, परत बाजेवर. मी काकूंना दाखवली. त्यांनी बोट फिरवलं. "हिंडतेत बघ अजून," त्या म्हणाल्या. "राहू दे. बंद करू नको." बॅटरी संपेपर्यंत आम्ही ती चालू ठेवली. तेराव्याला काकूंनी पंक्तीला जिलबी केली. 

श्रद्धांजलीचं पत्रक अर्थात मीच लिहिलं. सवयीने हात 'अफाट जनसमुदाय' लिहून गेला होता. खोडलं आणि आठवून आठवून मोजलं. नाना गेले त्या दिवशी अंगणात त्रेचाळीस माणसं होती. चव्वेचाळिसावी आक्का. ती नातसुनेच्या स्कूटीवर बसून खडकवस्तीहून आली, विहिरीला वळसा घालून, पुलावरून. खाली उतरून ती भावाच्या उशाशी बसली. तिचे पाय कोरडे होते. तेही मी पत्रकात लिहिलं.